प्रकार जाहीर केल्याशिवाय आत येऊ नये

भोरच्या दुर्गम भाग दाखला केंद्राचं संकेतस्थळ २००४ च्या ऑगस्टात सुरू झालं. ते यास्मिन आतार हिनं एकटीनं, एसटी स्टँडसमोरच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासात बसून लिहिलं होतं. दाखल्यासाठी लोकांना केंद्रात खेटे घालावे लागू नयेत, हा उद्देश. पण दुर्गम भागात कॉम्प्युटर नसल्यामुळे लोकांनी संकेतस्थळावर अर्ज भरायला केंद्रातच यावं, असं ठरलं.

सुरुवातीला संकेतस्थळ बिचारं सगळ्यांचं ऐकून घेई. गावाच्या रकान्यात कोणी ‘किकवीच्या अलीकडं’ लिही, कोणी ‘सासऱ्यांना विचारा’. वैतागून यास्मिननं, संकेतस्थळ ज्या पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं होतं, तिची नवी आवृत्ती बसवली. तिच्यात एक झकास सोय होती. प्रोग्रॅमच्या प्रत्येक तुकड्यानं आपण कुठल्या प्रकारची वस्तू घेणार ते आधीच जाहीर करायचं. ‘गाव’ जाहीर केलं की गावच आत येणार. दुसरं काही आलं की कारभार तिथल्या तिथं बंद.

केंद्रप्रमुख आनंदरावांना तिनं हे समजावलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

“म्हणजे आत येण्याआधीच नाही म्हणता येतं?”

“चुकीचं असेल तर, साहेब.”

“ते आम्ही बघून घेऊ.”

सोमवारी परिपत्रक निघालं. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकानं दारातच आपला प्रकार जाहीर करावा: अर्जदार, चौकशीदार, तक्रारदार, सल्लागार किंवा दुरुस्तीकार. एका दिवसात एकच प्रकार. दारात गेनू शिपाई बसला. अर्जदारानं आत जाऊन “किती दिवस लागतील?” असं विचारलं, की ती चौकशी ठरे आणि गेनू त्याला दंडाला धरून बाहेर आणी. तक्रारी आठवडाभरात शून्यावर आल्या, कारण तक्रार सुचेपर्यंत माणूस अर्जदार होऊन बसलेला असे.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं धरणाच्या वरच्या अंगाहून ज्ञानूबाबा आले. त्यांच्या नातीचं, नूतनचं नाव पुण्याच्या नर्सिंगच्या यादीत लागलं होतं. घराण्यातली पहिलीच पोर दहावीच्या पुढं गेलेली. रहिवासी दाखला संध्याकाळी पाचपर्यंत कॉलेजात पोचला नाही, तर जागा दुसरीला जाणार होती.

“गाव?” आनंदरावांनी विचारलं.

“करवंडी.”

कॉम्प्युटर थांबला. कारण गाव म्हणजे काय, ते यास्मिननंच एका दुपारी चहा पिता पिता लिहून टाकलं होतं: रस्ता, शाळा, तलाठी. करवंडीला यातलं काहीच नव्हतं. करवंडी धरणात होती.

“पानी वर आलं तसं आमी बी वर सरकलो,” ज्ञानूबाबा म्हणाले. “चार घरं हायेत टेकाडाव. नाव तेच लावतो.”

“हे गाव ‘गाव’ या प्रकारात बसत नाही. जलाशयात बसतं.” आनंदराव नियमांचं पान उलटत म्हणाले. “जलाशयातले रहिवासी म्हणजे जलचर. तुमचा अर्ज त्या नमुन्यात घ्यावा लागेल.”

“सायेब, मला पवायबी येत न्हाई.”

आनंदरावांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पोहता येत नाही. तरी जलचर असल्याबाबत खात्री करावी.

यास्मिन शेजारच्या टेबलाशीच होती. तिला राहवेना. “साहेब, गावाचा रकाना रिकामा ठेवूया.”

“चालतं?”

“या आवृत्तीत रिकामं चालत नाही. पुढच्या आवृत्तीत चालेल म्हणतात. वर्षभरात येईल.”

“मग बाबांना वर्षानं बोलवा.”

“नाहीतर ती अट काढते. एक शब्द आहे, दोन मिनिटांचं काम.”

“तो अधिकार दुरुस्तीकाराचा. तुम्ही आज सल्लागार म्हणून आत आलात.” आनंदरावांचा आवाज मऊ झाला. “यास्मिनबाई, वेल्ह्याचंही संकेतस्थळ तुम्हालाच द्यायचं मनात आहे. शिस्त पाळणारी माणसं हवीत हो.”

यास्मिननं रस्ता ओलांडून क्लासात जायचं आणि तिथून तो शब्द पुसायचा, एवढंच होतं. गेनूला पत्ताही लागला नसता. तिला मनापासून लाज वाटत होती, पण ती उठली नाही. रांगेतली तीस-चाळीस माणसंही सारं ऐकत होती. त्यांची गावं कोरडी होती.

“पोरीला काय सांगू मी?” ज्ञानूबाबांनी सगळ्यांकडं बघत विचारलं.

“ही चौकशी झाली,” म्हणून गेनूनं त्यांना बाहेर नेलं.

पाच वाजले. नूतनची जागा गेली. पुढं ती सारोळ्याच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला लागली. तिथं कोणी दाखला मागितला नाही.

आनंदरावांनी मात्र त्या दिवसाचा अहवाल चोख लिहिला. दाखला न मिळालेले: एक. त्या वेळी हजर असून काहीही न केलेल्यांसाठी त्यांनी एक नवा प्रकार काढला: बघे. त्यात पहिलं नाव यास्मिनचं होतं. या प्रकाराला अर्ज लागत नाही, दारात काही जाहीर करावं लागत नाही, भोरला यावंही लागत नाही. ज्ञानूबाबांच्या पोहण्यावर जो कोणी हसला, त्याची नोंद आपोआप होते. तुमची झाली आहे.