चौथ्या खिडकीवरच्या अकरा त्रुटी

खात्यातील कर्मचाऱ्यांचे जनतेशी वागणे सुधारावे या हेतूने वरिष्ठांनी कार्यालयागणिक एक गुप्त तपासनीस नेमला, आणि ही गुप्त बाब सर्वांना वेळेत कळावी म्हणून तसे परिपत्रक काढून प्रत्येक कार्यालयाच्या सूचनाफलकावर लावले. परिपत्रकात म्हटले होते की, चालू महिन्यात हा तपासनीस सामान्य अर्जदाराच्या वेषात येईल. त्याला कोणीही ओळखू नये. आणि ज्याने ओळखले त्याने तसे दोन प्रतींत लेखी कळवावे.

ज्या कार्यालयाची ही गोष्ट आहे त्यासाठी निवडलेला गृहस्थ सर्वार्थाने योग्य होता. त्याचा चेहरा कोणाच्या लक्षातच राहत नसे. मुलाखत मंडळाने त्याला दोनदा बोलावले होते, कारण तो एकदा येऊन गेला आहे हे मंडळातल्या पाचांपैकी एकालाही आठवले नव्हते. लग्नाच्या बाबतीत मात्र हाच गुण आड येत होता. थोरल्या बहिणीने त्याला चार ठिकाणी नेऊन दाखवले. चारही ठिकाणांहून आठवड्याभराने निरोप आला, 'मुलाला कधी आणताय?'

त्याला दिलेल्या सूचना साध्या होत्या. मुद्दाम अपुरा भरलेला अर्ज घेऊन जायचे, आपल्याशी कोण कसे वागते ते पाहायचे आणि अर्ज निकाली निघेपर्यंत रोज जात राहायचे. ओळख मात्र उघड करायची नाही. केली तर तपासणी रद्द, आणि तपासनीसही रद्द.

पहिल्या दिवशी तो राहत्या जागेच्या दाखल्याचा अर्ज घेऊन गेला. अर्जावर सही केलेली नव्हती. पहिल्या खिडकीने त्याला दुसरीकडे पाठवले, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरीने मान वर न करता पहिलीकडे बोट दाखवले. अशी प्रदक्षिणा पुरी झाल्यावर तो चौथ्या खिडकीसमोर उभा राहिला.

चौथ्या खिडकीतल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि अर्ज वाचायला घेतला. सगळा. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या सूचनांसकट. तपासनीसाने लिहिलेले आजवर कोणी शेवटपर्यंत वाचले नव्हते. वरिष्ठ फक्त सही कुठे करायची तेवढे विचारत.

"सही राहिलीय तुमची," बाई म्हणाल्या.

"आत्ता करतो."

"आत्ता नको. घाईत सही वेडीवाकडी येते. उद्या या, निवांत करा."

नियमाप्रमाणे त्याने ही कामातील दिरंगाई म्हणून नोंदवायला हवी होती. त्याने घरी जाऊन शर्टाला इस्त्री केली.

"इस्त्री कुणासाठी रे?" बहिणीने विचारले.

"तपासणी आहे ताई."

"कोण कुणाची करतंय?"

त्याने कॉलरवरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली. बहिणीने ते उत्तर बरोबर वाचले.

दुसऱ्या दिवशी त्याने सही केली आणि जन्मतारीख गाळली. तिसऱ्या दिवशी जन्मतारीख घातली आणि वडिलांचे नाव गाळले. प्रत्येक वेळी बाई छापील त्रुटीपत्रावर उणीव लिहून देत, अक्षर मोत्यासारखे, खाली शिक्का. चौथ्या दिवशी त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आणि त्याने अर्ज पूर्ण भरून नेला. एकही चूक नाही. बाईंनी तो दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ पेन कानामागे खोचून त्या बसल्या आणि मग त्यांनी लिहिले : 'अर्जदाराच्या घराला खिडक्या किती, हे नमूद नाही.'

अर्जात तसा रकानाच नव्हता. तपासनीसाला नियम तोंडपाठ होते, म्हणून हे त्याला लगेच कळले. आणि कळले म्हणून त्याने हरकत घेतली नाही.

"तीन आहेत," तो म्हणाला.

"कुठल्या दिशेला उघडतात?"

"पाहून सांगावं लागेल."

"मग उद्या सांगा. अंदाजाने नको."

त्यानंतर त्रुटी वाढतच गेल्या. सकाळी ऊन कोणत्या खोलीत येते? अर्जदाराला चहा कोण करून देते? स्वतः करत असल्यास साखर किती? आठव्या त्रुटीपत्रावर लिहिले होते, 'घरात अर्जदाराखेरीज कोण कोण राहते, याचा खुलासा करावा.' त्याने खुलासा केला : 'थोरली बहीण.' नवव्या दिवशी त्यावर पुढची त्रुटी निघाली, 'भविष्यात आणखी कोणी राहायला येण्याची शक्यता आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर त्याने इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिले की दहावी त्रुटी अक्षर वाचता येत नसल्याची निघाली, आणि चौथ्या दिवसापासूनची तेवढी एक खरी होती.

कार्यालय मात्र वेगळ्याच काळजीत होते. महिना सरत आला तरी गुप्त तपासनीस सापडेना. साहेब दारातून येणाऱ्या प्रत्येकाला निरखत. चौथ्या खिडकीवर रोज येणारा तो कोण, असा प्रश्न त्यांना पडला नाही. तो रोज येतो हेच त्यांच्या लक्षात आले नव्हते.

आणि अशात घड्याळजी आला.

कार्यालयातले भिंतीवरचे घड्याळ वीस मिनिटे मागे चालत असे. ते दुरुस्त करावे असा प्रस्ताव तीन वर्षांपूर्वी वर गेला होता, तो मंजूर होऊन घड्याळजीला बोलावणे गेले होते आणि बोलावणाऱ्यांना त्याचा विसर पडला होता. घड्याळजी आत शिरला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, 'च्च' केले आणि खिशातून वही काढून काहीतरी टिपले.

तिन्ही खिडक्या एकदम उभ्या राहिल्या.

साहेबांची खुर्ची बाहेर आली. चहा आला, पंखा त्याच्याकडे वळला.

"अहो, मी घड्याळ बघायला आलोय," घड्याळजी म्हणाला.

"बघा ना साहेब, अवश्य बघा. सगळं वेळच्या वेळी चालतं आमच्याकडे."

"वीस मिनिटं मागे आहे."

"आजपासून राहणार नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी सर्वांना वीस मिनिटे आधी येण्याचा लेखी आदेश काढला. घड्याळाला कोणी हात लावू दिला नाही. पाहुण्यांना शिडीवर चढवणे बरे दिसले नसते. घड्याळजी भिंतीकडे निघाला की त्याला कोणीतरी हाताला धरून परत खुर्चीत बसवी. पहिल्या दिवशी त्याला राहत्या जागेचा दाखला मिळाला. दुसऱ्या दिवशी चारित्र्याचा. तिसऱ्या दिवशी, मागितलेले नसताना, तो अविवाहित असल्याचा दाखला मिळाला. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, तिच्या हातातच दिला.

अकराव्या दिवशी साहेबांना वाटले की तपासनीसांना आता थोडी शिस्तही दाखवावी. त्यांनी नोंदवही उघडली आणि एकाच अर्जावर दहा त्रुटीपत्रे निघालेली पाहून ते घड्याळजीला घेऊन चौथ्या खिडकीवर आले. तपासनीस नेहमीप्रमाणे तिथे उभा होता.

"बाई, हा काय प्रकार आहे? दहा वेळा तोच अर्ज?"

"अपुरा आहे साहेब."

"मग फेटाळून टाका! हा अर्जदार रोज येऊन गर्दी करतो. आत्ता मारा फेटाळल्याचा शिक्का, या साहेबांसमोर."

बाईंनी शिक्का उचलला नाही. "फेटाळला की माणूस परत येत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"तेच तर हवंय!"

"मला नकोय."

घड्याळजीने घोट घेतलेला चहा गिळला नाही. साहेबांनी कागद ओढला आणि उभ्याउभ्या बाईंच्या निलंबनाचा मजकूर लिहायला घेतला : आदेशाचा भंग, अर्जदाराची अकारण अडवणूक, वरिष्ठ तपासनीसांच्या उपस्थितीत उद्धट उत्तर. सही करायला त्यांनी पेन टेकवले.

तपासनीसाच्या डोळ्यांपुढे नियम उभा राहिला. तोंड उघडले तर नोकरी गेली. नाही उघडले तर त्यांची गेली. आणि उघडले तर, ज्या बाई आपल्याला साधा अर्जदार समजत होत्या, त्यांना आपण अकरा दिवस फसवले हेही उघडे होणार. त्याने एकदा डोळे मिटले.

"थांबा," तो म्हणाला. "गुप्त तपासनीस मी आहे."

साहेबांनी त्याच्याकडे प्रथमच पाहिले. "तुम्ही कोण?"

"तेच सांगतोय."

"ओळखपत्र?"

"जवळ बाळगायला परवानगी नाही."

साहेब हसले. मग तिन्ही खिडक्या हसल्या. साहेब घड्याळजीकडे वळून अदबीने म्हणाले, "पाहिलंत? आता तपासनीस कोण, ते आपणच सांगा."

घड्याळजीने चहा गिळला. "मला काय माहीत? मी घड्याळ दुरुस्त करायला आलोय. चार दिवस हेच सांगतोय."

"बघा!" साहेबांनी टाळी दिली, ती घ्यायला तिसरी खिडकी पुढे झाली. "खरा गुप्त माणूस असा असतो. जो आहे तो नाही म्हणतो. जो हो म्हणतो तो कसला तपासनीस?"

खात्याच्या परिपत्रकाशी हे इतके सुसंगत होते की तपासनीसालाही क्षणभर स्वतःबद्दल शंका आली.

फक्त बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला.

"खरं आहे हे?"

"हो."

"म्हणजे सही राहिली नव्हती. ठेवली होती."

"हो."

"अकरा दिवस मी तुमच्या चुका शोधत बसले, आणि तुम्ही माझ्या?"

"तुमची एकही सापडली नाही मला."

बाईंनी मान वळवली. फायलींच्या गठ्ठ्याची नाडी त्यांनी सोडली, पुन्हा बांधली आणि पुन्हा सोडली. साहेबांचे पेन कागदावर टेकलेलेच होते; शाईचा ठिपका मोठा होत होता.

"तुमच्याही संपल्या होत्या चौथ्या दिवशीच," त्या शेवटी म्हणाल्या. "पुढच्या मी घरी बसून तयार करत होते."

साहेबांनी सही केली.

बाई निलंबित होऊन घरी बसल्या. तपासनीसानेही नोकरी गेली असे धरून सामान आवरले. पण वरिष्ठांनी अहवाल मागवला. त्याने ओळख उघड केली होती हे खरे. परंतु ज्या उघड केलेल्या ओळखीवर कोणीही विश्वास ठेवला नाही ती उघड झाली असे मानता येत नाही, असा अभिप्राय विधी विभागाने दिला. तपासणी वैध ठरली.

"काय लिहिणारेस?" बहिणीने विचारले.

"खरं ते."

"खरं लिहिलंस तर त्या पोरीची नोकरी कायमची जाईल."

"खोटं लिहिलं, तर त्या वाचतील ताई. त्या शेवटपर्यंत वाचतात."

त्याने खरे लिहिले. तिन्ही खिडक्यांवर आपल्याला कोणी विचारले नाही. चौथ्या खिडकीने एका अर्जावर अकरा त्रुटी काढल्या. अकरावी, निलंबनाच्या दिवशी टेबल आवरता आवरता दिली, ती अर्जदाराचा चेहरा फार ओढलेला दिसतो अशी. अहवालाच्या शेवटी छापील रकाना होता, 'अर्जदार पुन्हा या कार्यालयात येण्यास राजी आहे काय?' तिथे त्याने लिहिले : 'जन्मभर.'

मुख्यालयात अहवाल कोणी वाचत नाही. रकाने तेवढे मोजतात. मोजले तेव्हा दिसून आले की, राज्यातल्या सर्व कार्यालयांत पुन्हा येण्यास राजी असलेला अर्जदार एकच आहे आणि त्याला अकरा त्रुटी मिळाल्या आहेत. समिती बसली. तिने या दोन आकड्यांचा संबंध जोडला. बाईंचे निलंबन सन्मानपूर्वक मागे घेण्यात आले, चौथी खिडकी आदर्श ठरली आणि आदेश निघाला : जनतेच्या समाधानासाठी यापुढे प्रत्येक अर्जावर किमान अकरा त्रुटी काढण्यात याव्यात, त्या अकरा वेगवेगळ्या दिवशी द्याव्यात, आणि देताना हसावे.

बाईंना आता इतर कार्यालयांत प्रशिक्षण द्यायला बोलावतात. तपासनीस आणि त्या एकाच घरात राहतात, तीन खिडक्यांच्या. सकाळचे ऊन स्वयंपाकघरात येते, चहा तो करतो, साखर एक चमचा. थोरल्या बहिणीला भावजय पसंत आहे.

मध्यंतरी तुम्हीही कुठल्या तरी दाखल्यासाठी गेला असाल. आठव्या चकरेला खिडकीतल्या माणसाने तुम्हाला हसून विचारले असेल की घरात ऊन कुठे येते. तुम्ही चिडला असाल, खात्याच्या नावाने बोटे मोडली असतील. मोडू नयेत. मघाशी, बाई मान वळवून गठ्ठ्याची नाडी सोडत-बांधत बसल्या तेव्हा, या दोघांचे जुळू दे म्हणून मनातल्या मनात हात कोणी जोडले होते? नियम काय म्हणतो, रांगेत मागे कोण खोळंबले आहे, हे तेव्हा तुमच्या मनातही आले नव्हते. तुमचे मागणे पुरे झाले. आता अकरा फेऱ्या घालायच्या आहेत, त्या कुरकुर न करता घालाव्यात.