जिथे आहात तिथेच थांबा

फ्लॉरेन्सबाईंच्या टेबलावरचा काळा फोन गेल्या अकरा वर्षांत तीनदा वाजला होता आणि तिन्ही वेळा तो राँग नंबर निघाला होता. त्यामुळे गुरुवारी सकाळी सव्वानऊला तो वाजायला लागला, तेव्हा त्यांनी आधी तोंडातला खबूस रोटी आणि ऑम्लेटचा घास नीट संपवला, हात पुसला आणि मग रिसीव्हर उचलला. पलीकडून एका वयस्कर इंग्रज गृहस्थांनी विचारलं की, चौदा नंबरची बस येणार आहे की नाही? कारण ते अर्ध्या तासापासून स्टॉपवर उभे आहेत आणि आता त्यांना स्वतःचे बूट दिसेनासे झाले आहेत.

फ्लॉरेन्सबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बहारीनच्या राजधानीत, मनामातल्या जुफैरच्या रस्त्यावर लख्ख ऊन होतं आणि खाली बनियन घातलेला एक माणूस गाडी धूत होता.

इंग्लंडच्या उत्तरेकडे डोंगरात ब्रॅकनशॉ नावाचं एक गाव आहे, त्याचं घड्याळ मनामाच्या तीन तास मागे चालतं. तिथल्या बस कंपनीच्या ड्रायव्हरांच्या ड्युट्या आणि रजा जुफैरच्या या ऑफिसातून लावल्या जात. ऑफिस म्हणजे तीन माणसं. पहिल्या फ्लॉरेन्स लोपीस, वसईच्या, वय चोपन्न, ड्युटीचा तक्ता त्यांच्याकडे. दुसरे शैलेंद्र कारखानीस, पुण्याचे इंजिनिअर, ऑफिसचे मॅनेजर. तिसरी कश्मिरा, जन्मापासून मनामात वाढलेली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर देताना निम्मं इंग्रजी यायचं. तिघांपैकी एकानेही ब्रॅकनशॉ पाहिलेलं नव्हतं.

झालं होतं असं की, रात्रभरात ब्रॅकनशॉवर फूटभर बर्फ पडला होता. कंपनीच्या चौकशी खिडकीवर बसणाऱ्या दोघी घरीच अडकल्या होत्या. तिथला फोन कोणी उचलला नाही की तो आपोआप पुढच्या नंबरवर जायचा, तिथेही कोणी नसलं की त्याच्या पुढच्या. त्या यादीत सगळ्यात शेवटी, कोणी कधी टाकला होता देव जाणे, फ्लॉरेन्सबाईंचा नंबर होता.

दहा मिनिटांत काळा फोन सतरा वेळा वाजला. साडेनऊला शैलेंद्र आले तेव्हा फ्लॉरेन्सबाई आणि कश्मिरा एकेक रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या. सगळा प्रकार ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं. ड्युटीचे तक्ते तपासत सहा वर्षं काढलेल्या इंजिनिअरला अखेर आणीबाणी मिळाली होती.

"घाबरायचं नाही," ते म्हणाले. "बर्फ म्हणजे काय, पांढरी वाळूच. इथे वादळ येतं तेव्हा आपण काय करतो?"

"घरी बसतो," फ्लॉरेन्सबाई म्हणाल्या.

"एक्झॅक्टली."

कंपनीच्या वेबसाइटवर वेळापत्रक बदलण्याचा अधिकार मनामा ऑफिसकडे होता. शैलेंद्रांनी खुर्ची ओढली आणि सुबक इंग्रजीत सूचना लिहिली की, आजच्या सर्व फेऱ्या रद्द करण्यात आल्या आहेत, आपल्या सुरक्षिततेसाठी पुढील सूचना मिळेपर्यंत कृपया जिथे आहात तिथेच थांबा. शेवटचं वाक्य त्यांना विशेष आवडलं. ते त्यांनी ठळक केलं.

ब्रॅकनशॉची माणसं फार आज्ञाधारक निघाली. पाचच मिनिटांत मघाच्या त्याच गृहस्थांचा फोन आला. ते अजून स्टॉपवरच होते. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं की, जिथे आहोत तिथेच म्हणजे साधारण किती वाजेपर्यंत, कारण त्यांचं घर समोरच आहे, दिसतंय, पण सूचना वाचल्यामुळे ते गेले नाहीत. फ्लॉरेन्सबाईंनी त्यांना घरी जायची परवानगी दिली.

मग एकेक गोष्ट घरंगळत आली. बस नाही म्हणून शाळेने सुट्टी जाहीर केली. शाळा नाही म्हणून मुलांना सांभाळायला बेकरीवाल्या घरी राहिल्या. बेकरी बंद, शाळा बंद, म्हणजे प्रकरण गंभीर असणार असं समजून बँकेनेही न उघडायचं ठरवलं. दवाखान्याच्या स्वागतिकेने विचारलं, दवाखाना बंद ठेवायचा का? कश्मिराने तिला सांगितलं की, आम्ही फक्त बसचं बघतो. त्यावर ती म्हणाली की गावात आज फोन उचलणारं दुसरं कोणीच नाही, तेव्हा तुम्हीच सांगा.

"आंटी, वी आर रनिंग द होल टाउन," कश्मिरा रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

साडेदहाला गावच्या रेडिओचा फोन आला. निवेदकाने फ्लॉरेन्सबाईंना थेट प्रक्षेपणात घेतलं आणि विचारलं की, तुमच्या खिडकीतून परिस्थिती कशी दिसते? फ्लॉरेन्सबाई दर रविवारी चर्चला जाणाऱ्या बाई. आयुष्यात त्या कारणाशिवाय खोटं बोलल्या नव्हत्या आणि एवढ्या लोकांसमोर तर शक्यच नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहून सांगितलं की, ऊन छान आहे, एक माणूस बनियनवर गाडी धुतोय.

निवेदकाने ते जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. मग ब्रॅकनशॉमध्ये बातमी गेली की बस डेपोकडे ऊन पडलं आहे आणि लोक गाड्या धुऊ लागले आहेत. चाळीसएक माणसं तेवढ्या आशेवर अंधारातच घराबाहेर पडली, गुडघाभर बर्फात उभी राहिली आणि परत येऊन त्यांनी काळ्या फोनचा नंबर फिरवला. पुढचा अर्धा तास त्या तिघांनी माफी मागण्यात घालवला.

या सगळ्या गडबडीत कश्मिराचं लक्ष संगणकावरच्या नकाशाकडे गेलं. नकाशावर कंपनीची प्रत्येक बस हिरव्या ठिपक्यासारखी दिसायची. एकतीस ठिपके डेपोत गुपचूप बसले होते. बत्तिसावा डोंगरावर होता.

ती चौदा नंबर होती. ड्रायव्हर डेरेक फेऱ्या रद्द होण्याआधीच पहिली बस घेऊन निघाला होता. फ्लॉरेन्सबाईंनी त्याच्या मोबाइलवर फोन लावला. डेरेकने सांगितलं की बस चढावर रुतली आहे, इंजिन बंद पडलंय, त्यामुळे आतली ऊबही गेली. आत सात प्रवासी आहेत आणि त्यांतले वॉल्टर नावाचे आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालेत. अकरा महिने थांबून त्यांना आजची तारीख मिळाली आहे. डेपोत कोणी फोन उचलत नाही म्हणून ते सगळे जिथे आहेत तिथेच थांबलेत. फोनची बॅटरी बारा टक्के आहे.

शैलेंद्रांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच ठळक केलेल्या वाक्याकडे एकदा पाहिलं आणि नगरपालिकेला फोन लावला. रस्त्यावर मीठ पसरून बर्फ बाजूला लोटणारी गाडी नगरपालिकेकडे होती. फोन एका मुकादमाने त्याच्या घरून घेतला. गाडी तयार आहे, तो म्हणाला, मीठही भरलेलं आहे. फक्त गाडीचा ड्रायव्हर आलेला नाही.

"का नाही आला?" शैलेंद्रांनी विचारलं.

मुकादमाने सांगितलं की, तो तीन नंबरच्या बसने येतो.

शैलेंद्रांनी रिसीव्हर खाली ठेवला. रस्ता साफ होत नाही म्हणून बस बंद, आणि बस बंद म्हणून रस्ता साफ होत नाही. हा गुंता गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने, सुबक इंग्रजीत विणला होता.

"माझ्यामुळे झालं हे, फ्लॉरेन्स मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या म्हाताऱ्याला काही झालं तर?"

फ्लॉरेन्सबाई रजेच्या अर्जांची फाइल उघडत होत्या. ब्रॅकनशॉच्या एकाही माणसाचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता, पण अकरा वर्षांचे अर्ज वाचले होते. कोणाची सासू कधी येते, कोणाचा गुडघा कोणत्या महिन्यात धरतो, कोण दर वर्षी मासेमारीच्या मोसमात आजारी पडतो, हे त्यांना पाठ होतं. आणि त्यांना आठवत होतं की फक्त रविवारची बस चालवणारा हॅरी नावाचा एक ड्रायव्हर दर वसंतात तीन आठवड्यांची रजा मागतो, कारण त्याच्या मेंढ्या वितात.

"मेंढ्या आहेत म्हणजे शेत असणार," त्या म्हणाल्या. "शेत आहे म्हणजे ट्रॅक्टर असणार. पत्ता बघ गं कश्मिरा."

पत्ता डोंगरावरचा होता. चौदा नंबरच्या रस्त्याला लागूनच.

हॅरीने पहिल्याच रिंगला फोन घेतला. फ्लॉरेन्सबाईंनी आपलं नाव सांगून बसची हकिकत सांगायला सुरुवात केली, तर त्याने मध्येच थांबवलं. बस ना, तो म्हणाला, दिसतेय की मला. पहाटेपासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचे दिवे बघतोय. ट्रॅक्टरही बाहेर काढून ठेवलाय, बायकोने सगळ्यांपुरतं सूपही केलंय.

"मग गेला का नाहीस रे बाबा?" फ्लॉरेन्सबाईंच्या तोंडून चक्क मराठीच निघालं. मग त्यांनी तेच इंग्रजीत विचारलं.

हॅरी जरा दुखावला. त्याने वेबसाइट वाचली होती, असं तो म्हणाला.

"यल्ला, हॅरी, गो," फ्लॉरेन्सबाई म्हणाल्या, आणि तो गेला.

पाऊण तासात सातही प्रवासी हॅरीच्या स्वयंपाकघरात सूप पीत होते. वॉल्टर आजोबांना त्याने ट्रॅक्टरवर शेजारी बसवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि थेट हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोडलं. येताना वाटेत त्याने मिठाच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही घरातून उचललं. आजोबा हॉस्पिटलमध्ये वेळेवर पोचले. डोळ्यांचे डॉक्टर त्यांच्यानंतर तासाभराने आले, चालत.

बहारीनच्या घड्याळात तीन वाजता शैलेंद्रांनी फेऱ्या सुरू झाल्याची सूचना टाकली. या वेळी त्यांनी ती आधी फ्लॉरेन्सबाईंना वाचून दाखवली. बाईंनी दोन वाक्यं काढायला लावली आणि शैलेंद्रांनी ती मुकाट्याने काढली.

सोमवारी कंपनीच्या संचालकांचं, मिस्टर हॉलंड यांचं पत्र आलं. त्यात मनापासून आभार होते आणि निर्णय होता की यापुढे बर्फाच्या दिवसांत सगळं कामकाज मनामा ऑफिसच पाहील. तीन आठवड्यांनी कस्टम्सकडून फोन आला. कंपनीच्या नियमानुसार बर्फाच्या ड्युटीवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला संरक्षक सामान मिळणं सक्तीचं होतं आणि ते आलं होतं. तीन फावडी, तीन जोड बूट, तीन जाडजूड कोट आणि मिठाचं पंचवीस किलोंचं एक पोतं.

कस्टम्सच्या अधिकाऱ्याचं नाव बासित होतं. त्याने फावडं उलटसुलट करून पाहिलं आणि हे कशासाठी, असं विचारलं. शैलेंद्रांनी सांगितलं की बर्फासाठी. बासितने फावडं खाली ठेवलं.

"बर्फ मफी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. इथे बर्फ नसतो.

"इंशाल्ला," फ्लॉरेन्सबाई म्हणाल्या, "तसंच राहू दे."

सह्या घ्यायला त्याला दीड तास लागला. मिठाच्या पोत्यावर खाद्यपदार्थांचं सर्टिफिकेट नव्हतं, म्हणून ते त्याने ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्टर हॉलंड पहिल्यांदाच व्हिडिओवर भेटायला आले. शैलेंद्रांनी टाय लावला होता. कश्मिराने केस सोडले होते. पडद्यावर मिस्टर हॉलंड हसत हसत काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर मधल्या खुर्चीवर गेली आणि चेहरा एकदम गंभीर झाला. फ्लॉरेन्सबाईंनी नवा कोट घातला होता. चेन गळ्यापर्यंत ओढलेली, टोपी कपाळापर्यंत, हात बाह्यांच्या आत. अकरा वर्षांत त्या ऑफिसात इतक्या सुखाने कधी बसल्या नव्हत्या.

मिस्टर हॉलंड यांनी काळजीने विचारलं की, तिकडेही पडायला लागला की काय?

"नाही सर," फ्लॉरेन्सबाई टोपीतून म्हणाल्या. "एसीचा रिमोट शैलेंद्र सरांकडे असतो."