दोन्ही कान दिसले पाहिजेत

"समोरचं माणूस हललं तर चूक त्याची नव्हे, आपली. आपण त्याला घाई केलेली असते. तेवढं सांभाळ, बाकीचं कॅमेरा बघून घेतो."

स्टुडिओच्या किल्ल्या हातात देताना वडिलांनी एवढंच सांगितलं होतं. मुलाने ते पुष्कळ वर्षं सांभाळलंही. पण पासपोर्ट ऑफिसच्या मागच्या गल्लीत दिवसभर एकाच मापाचे चेहरे टिपून टिपून त्याला माणसांचा वीट आला. "हनुवटी वर! हलू नका! हलू नका म्हटलं ना!" हे तो इतक्या जोरात ओरडे, की शेजारच्या सलूनमध्ये वस्तऱ्याखाली बसलेली माणसंही श्वास रोखून धरत. गल्लीने त्याचं नावच 'हलूनका' ठेवलं. स्वतःचा फोटो पाहिला की गिऱ्हाईक वाद घालतं, म्हणून हलूनका पाकीट डिंकाने चिकटवूनच हातात देई. वर शिक्काही असे, 'घरी जाऊन उघडावे'.

एक दिवस त्याने एका गरीब बिचाऱ्या गृहस्थाला, "तुमचं नाक मी आणलंय का घरून?" असं विचारलं, तेव्हा बायकोने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं,

"उद्यापासून रोज सकाळी तळ्यावर जायचं. झाडांचे, पाखरांचे फोटो काढायचे. मन निवेल."

"आणि नाही गेलो तर?"

"मी माझे नेम मोडते का कधी? मग हा तुमचा नेम."

हलूनका गेला. तळ्याकाठी एक राखी बगळा उभा होता. हलूनकाने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला आणि बायकोला फोन केला.

"स्टुडिओतला पांढरा पडदा घेऊन ये. मागे झाडी येतेय."

"अहो, झाडीच तर बघायला गेलात ना?"

"पार्श्वभूमी पांढरी लागते."

"त्या बगळ्याला कुठे परदेशी जायचंय?"

पण नेम तिनेच घालून दिला होता. ती आली, घोटाभर चिखलात उतरली आणि बगळ्याच्या मागे पडदा धरून उभी राहिली. बगळा ढिम्म. "समोर बघा," हलूनका सवयीने म्हणाला. बगळ्याने मान वळवून थेट भिंगात पाहिलं. "डावा खांदा किंचित खाली." बगळ्याने तोही घेतला. हलूनकाचा आवाज आपोआप उतरला. बटण दाबल्यावरही तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

"झालं का?" पडद्यामागून आवाज आला. "माझी चप्पल गेली आत."

"असं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नाही गं," हलूनका पुटपुटला.

स्टुडिओत परतले तर दारात ताई उभ्या. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. परदेशात त्यांच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. पासपोर्टसाठी आजचीच वेळ मिळालेली, हुकली तर पुढची महिन्याने.

"अहो हलूनका, लवकर आटपा. मी येते म्हणून लेकीला शब्द दिलाय."

हलूनकाला बगळ्याचे फोटो छापायची घाई झाली होती. त्याने ताईंना चष्मा काढायला लावला, "हलू नका!" म्हणून ओरडला आणि बटण दाबलं. मग दोघांचे फोटो छापले. हाताला सवय एकच, त्यामुळे बगळ्याचेही पासपोर्ट मापाचे आठ निघाले. कापले, पाकिटांत भरले, डिंक लावला. ताई पाकीट घेऊन निघाल्या.

"ताई चष्मा विसरली," थोड्या वेळाने बायको म्हणाली.

"नंतर देऊ. आधी हे बघ, काय रुबाब आहे!" हलूनकाने उरलेलं पाकीट फाडलं. आतून आठ ताई बाहेर पडल्या.

तो चष्मा आणि फोटो घेऊन धावला.

तिकडे खिडकीत कारकून मान खाली घालून, अर्जावरच्या फोटोशेजारी पेन्सिलने खुणा करत होता. "पार्श्वभूमी पांढरी, ठीक. डोळे उघडे, ठीक. तोंड बंद, ठीक. कान दिसत नाहीत. नवीन काढून आणा."

"मला कान नाहीत?" ताईंचा आवाज शाळेच्या मैदानावर पोचावा तसा चढला. "दोन कान आहेत मला! बघा!"

"बाई, खरे नको. फोटोत पाहिजेत."

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी अर्ज उचलला, मग ताईंकडे पाहिलं, मग पुन्हा अर्जाकडे. "हा फोटो तुमचाच?"

ताईंनी कागद नाकापर्यंत नेला. "माझाच. मान जरा लांब आलीय. रात्रभर झोप नाही हो."

तेवढ्यात हलूनका धापा टाकत पोचला. "साहेब, तो बगळा आहे! ताई ह्या!"

कारकुनाने खरा फोटो घेतला. "कान दिसतात. पण हललाय. हा नाही चालणार."

"त्या हलल्या," हलूनका म्हणाला. वडिलांचा आवाज त्याला अगदी कानाशी ऐकू आला. "नाही, चूक माझी. मी घाई केली. साहेब, खिडकी बंद करू नका, आलोच."

स्टुडिओत ताईंनी चष्मा लावून बगळा पाहिला. "ह्या पाखराला एवढा वेळ दिलात? आणि मला? माझी लेक तिकडे एकटी आहे हो."

हलूनका ओरडला नाही. चिखलाने भरलेली कड खाली सारून बायकोने पडदा धरला. त्याने तळ्यावरच्यासारखा कॅमेरा उचलला आणि नुसता उभा राहिला. घड्याळ पुढे सरकत होतं. हळूहळू ताईंचे खांदे खाली आले. डोळ्यांत लेक उभी राहिली असावी.

टक्.

कारकुनाला ह्या वेळी एकही खोट सापडली नाही. साहेबांनी बगळ्याचा फोटो अर्जावरून अलगद सोडवला. "हा मात्र माझ्या टेबलावर राहू दे. दिवसभर माणसंच बघतो मी."

जिन्यात ताई थांबल्या. उरलेल्या सात बगळ्यांचं पाकीट त्यांनी हलूनकाच्या हातात ठेवलं.

"हे ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. गिऱ्हाइकाचे फोटो आपल्याकडे ठेवतात का? द्या शब्द."

"ताई, तो बगळा..."

"मी शब्द म्हटलं."

"दिला," हलूनका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको उठली, तेव्हा कॅमेरा खुंटीलाच होता. हलूनका दारात बसून चपला घालत होता. मांडीवर नवं पाकीट होतं, शिक्का न मारलेलं. त्याला डिंकही लावलेला नव्हता. पाकीट खिशात घालून, दाराचा आवाज न करता, तो तळ्याकडे निघाला.