साफल्य कॉलनीच्या अळ्या

डास मारणं हे कुणाचंही काम आहे. डास जन्मालाच येऊ न देणं, याला हिरामण दोंदे लागतो! हिरामण दोंदे म्हणजे मी. नाशिकरोडच्या साफल्य कॉलनीचा सचिव. एस.टी.त तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. येवल्याच्या स्टँडवर एका वेळी सात गाड्या आणि सत्तर भांडणं सांभाळली. एवढ्याशा डासाला मी काय घाबरणार!

पण हे वेड मला हौसेनं लागलेलं नाही. गेल्या वर्षी माझ्या बायकोला, उज्वलाला डेंग्यू झाला. प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी ढसाढसा रडलो, हे तिला अजून माहीत नाही. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "जपा. दुसऱ्यांदा झाला तर जड जातो." मी तिथल्या तिथे ठरवलं, दुसऱ्यांदा होऊच द्यायचा नाही.

झालं! यंदा जूनपासून दर शनिवारी कोरडा दिवस. सकाळी आठ वाजता एस.टी.तली शिट्टी घेऊन मी गल्लीत उभा. शिट्टी वाजली की बावीस घरांनी ड्रम, बादल्या, कुंड्यांखालच्या बशा, सगळं पालथं घालायचं. चंद्रभागा वहिनींच्या खिडकीत मनीप्लँटच्या अकरा बाटल्या होत्या. मी अकराच्या अकरा रिकाम्या केल्या. वहिनी तीन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. केरूनाना मूळचे सायखेड्याचे, आता मुलाकडे राहतात. त्यांनी दारात गाईंना पाणी प्यायला दगडी डोण ठेवली होती. ती हलवायला ते तयार होईनात.

"सचिव, मुक्या जनावराचं पाणी तोडता व्हय? मी नाय हलवायचो!"

मग मी डोणीत गप्पी मासे सोडले. हे मासे डासांच्या अळ्या खातात. केरूनाना रोज माशांशी गप्पा मारायला लागले आणि तो प्रश्न मिटला.

महापालिकेकडून रोहिणी नावाची मुलगी दर पंधरा दिवसांनी घरोघरचं पाणी तपासायला येते. ड्रममध्ये बॅटरी मारते, दाराशेजारी भिंतीवर खडूनं तारीख लिहिते. ऑगस्टमध्ये ती हात टेकून म्हणाली, "काका, मागच्या गल्लीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले. पण तुमच्याकडे शोधूनसुद्धा अळी मिळत नाही! आमच्या डॉक्टर मॅडम येता रविवार सोडून पुढच्या रविवारी तुमच्या समाजमंदिरात कार्यक्रम घेणार आहेत. आजूबाजूच्या कॉलन्यांतल्या बायकांना बोलवायचं, तुमची कॉलनी दाखवायची."

माझी छाती दोन इंच फुगली.

"फक्त अळ्या दाखवायला लागतात हो, बाटलीत. त्या मी मागच्या गल्लीतून आणते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "परक्या कॉलनीच्या अळ्या आमच्या समाजमंदिरात? मुळीच नाही! अळ्यांची व्यवस्था सचिव करेल!"

रोहिणीनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. पण मोठ्या माणसाला काय बोलणार, म्हणून निघून गेली.

आता अळ्या आणायच्या कुठून? मी घरोघर फिरलो. चंद्रभागा वहिनींना हळूच विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे थोड्या अळ्या असतील का?"

"आमच्या घरात अळ्या? भाऊजी, घासून घासून माझी नखं गेली! तुमच्या घरात असतील अळ्या!" दार धाडकन बंद!

केरूनानांकडे गेलो. ते डोणीजवळ बसले होते.

"मासं तुमीच सोडलं ना? त्यांनी समद्या खाल्ल्या. आता माशांच्या पोटातून काढून देऊ का?"

अख्ख्या कॉलनीत एक अळी नव्हती. माझ्या कर्तबगारीनं मलाच कोंडीत पकडलं होतं. पण दोंदे मागे हटत नसतो! नसतील, तर तयार करू.

आमच्या गच्चीवर टाकीमागे एक अडगळीचा कोपरा आहे. तिथे जुन्या बादलीत पाणी भरलं, चार पानं टाकली. कमी पडायला नको म्हणून शेजारी दुसरी बादली ठेवली. उज्वलाला कळू दिलं नाही. कळलं असतं, तर तिनं मला बादलीत घातलं असतं.

रोज पहाटे गच्चीवर जायचं, बादलीत वाकून बघायचं. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला चक्क झोप लागेना. आणि चौथ्या दिवशी पाण्यात बारीक बारीक वळवळ! खरं सांगतो, नातू झाल्याचा फोन आला होता तेव्हाही मी असा नाचलो नव्हतो. त्यांना ऊन लागू नये म्हणून बादल्यांवर जुना पंचा टाकला. मधले दोन्ही शनिवार शिट्टी वाजवून बावीस घरांचं पाणी ओतायला लावलं आणि या दोन बादल्या तेवढ्या राखल्या. दुसऱ्या शनिवारी मनात थोडं टोचलं. पण उद्याच तर कार्यक्रम आहे, तो झाला की ओतून टाकू, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

माझं हे पहाटेचं गच्चीवर जाणं समोरच्या खिडकीतून चंद्रभागा वहिनी बघत होत्या. खिडकीत आता बाटल्या नव्हत्या ना, सगळं स्वच्छ दिसत होतं! त्यांनी उज्वलाच्या कानावर घातलं, "भाऊजी रोज लपून वर जातात. वाकून काहीतरी करतात आणि हसत खाली येतात." उज्वलाला वाटलं, यांनी बिडी पुन्हा सुरू केली. तिच्या आजारपणात मी बिडी सोडली होती. ती मला काही बोलली नाही. रविवारी मी समाजमंदिरात अडकणार, तेव्हा वर जाऊन बिड्या शोधायच्या, असं तिनं ठरवलं.

रविवारी अकरा वाजता समाजमंदिर भरलं. चाळीस बायका, मागे केरूनाना, पुढे डॉक्टर मॅडम आणि रोहिणी. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो. बादलीतल्या अळ्या भरलेली बाटली उंच धरली.

"भगिनींनो! आमच्या कॉलनीत अळी औषधालासुद्धा सापडायची नाही!"

टाळ्या! डॉक्टर मॅडमनी बाटली हातात घेतली, चष्मा वर केला.

"छान जिवंत आहेत. कुठल्या आहेत या?"

"आमच्याच कॉलनीतल्या!" मी अभिमानानं सांगितलं.

टाळ्या थांबल्या.

"म्हणजे, मॅडम, या सापडलेल्या नाहीत," मी घाईघाईनं म्हणालो, "या मी पाळल्यात."

"पाळल्यात?"

"खास कार्यक्रमासाठी!"

रोहिणीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात दारातून उज्वला आली. तिच्या हातात बादली, मागे दुसरी बादली घेऊन चंद्रभागा वहिनी.

"अहो, मी बिड्या शोधायला गेले होते," उज्वला म्हणाली, "हे सापडलं!"

आणि तिनं पंचा ओढला.

मी फक्त अळ्यांचा विचार केला होता. अळ्या मोठ्या होतात, हे मी अख्ख्या कॉलनीला समजावून सांगत होतो, पण माझ्याच बादलीत त्या मोठ्या होतील हे डोक्यात आलं नव्हतं! पंच्याखालून दहा-पंधरा डास भुर्रकन वर उठले. त्यातला एक उज्वलाच्या दंडावर बसला. पायांवर पांढरे पट्टे, डेंग्यूचाच डास! माझ्या डोळ्यांपुढे अठरा हजार आकडा आला, तो दवाखाना आला, तो जिना आला. मी दोन खुर्च्यांवरून उडी मारली आणि उज्वलाच्या दंडावर सणसणीत चापट ठेवून दिली.

फाट्!

"अगं बाई! चारचौघांत बायकोवर हात उचलला!" एक बाई किंचाळली.

"सचिव! येडं झालं का?" केरूनानांनी मागून मला मिठी मारली. "बाईमाणसाला मारता व्हय?"

"नाना, सोडा! डास! डास होता!"

"डास कुठंय? दाखवा!"

डास उडून गेला होता. दंडावर माझी चार बोटं उठलेली होती.

"काका, मला हे लिहावं लागेल," रोहिणी रडवेली होऊन म्हणाली. तिनं वहीत लिहिलं: साफल्य कॉलनी, दूषित भांडी दोन, दोन्ही सचिवांच्या घरी. डॉक्टर मॅडमनी सगळ्या बायकांसमोर त्या बादल्या मातीत ओतायला लावल्या. बायकांना कार्यक्रम फार आवडला म्हणे.

घरी येताना उज्वला एवढंच म्हणाली, "माझ्यासाठीच करता ना हे सगळं? मग हे कुणासाठी केलंत?"

मला माहीत होतं, हे मी माझ्या मोठेपणासाठी केलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी थर्मामीटर घेऊन तिच्या मागे. सकाळ, दुपार, संध्याकाळ! ती भाजी चिरतेय, मी थर्मामीटर लावतोय. ती फोनवर बोलतेय, मी थर्मामीटर लावतोय. रोज साडेसत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. सहाव्या दिवशी मला संशय आला. इतकं सगळं नीट कसं? थर्मामीटरच बिघडलं असणार! खात्री करावी म्हणून धुऊन स्वतःच्या तोंडात धरलं.

एकशे तीन!

थर्मामीटर चांगलं होतं. उज्वला ठणठणीत होती आणि डेंग्यू मला झाला होता. रोज पहाटे बादलीवर वाकायचो, तेव्हा मागच्या गल्लीतून अंडी घालायला आलेला डास मलाच चावला असणार. प्लेटलेट चाळीस हजार. पाच दिवस सलाईन. केरूनाना पपईच्या पानांचा रस घेऊन आले, चंद्रभागा वहिनींनी पेज पाठवली. उज्वला पाचही दिवस उशाशी बसून होती. ती एकदाही रागावली नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. पण एक सांगतो, रोज तिच्या कपाळाला हात लावून बघायचो, ते थंड लागायचं, आणि मग मला आणखी काहीच नको वाटायचं.

शेवटच्या दिवशी रोहिणी रुग्णाचा फॉर्म भरायला आली. साफल्य कॉलनीतला हा यंदाचा पहिला आणि एकुलता एक रुग्ण! नाव, वय, पत्ता लिहून झाला.

"व्यवसाय?" तिनं विचारलं.

मी काही सांगायच्या आत उज्वला म्हणाली, "लिही गं, पशुपालन."

माझ्या तोंडात थर्मामीटर होतं, म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर मी काय ऐकून घेतलं असतं होय!