गव्याच्या डोक्याची तपासणी

एका जंगलात, वाघाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, चैत्र सरून वैशाख लागला त्याच दिवशी एक गवा हरवला.

हरवला म्हणजे लांब कुठे गेला नाही. आपल्याच पाणवठ्यावर उभा होता. फक्त हा पाणवठा आपला, हे त्याला कळत नव्हतं.

हसू नका, मुलांनो. सकाळी ठेवलेलं दप्तर तुम्हाला संध्याकाळी सापडत नाही, आणि तुम्ही तर कुठल्या लढाईलाही गेला नव्हता.

या गव्याचं नाव हवालदार बयाजी. वाघाच्या फौजेत एक टक्कर पलटण होती. तिचं काम एकच. डोकं खाली घालायचं आणि समोर येईल त्यावर आदळायचं. विचार करायचं काम वाघाकडे होतं. बयाजी त्या पलटणीत पहिल्या रांगेत होता. शेवटच्या लढाईत त्याचं डोकं एका काळ्या खडकावर आपटलं. शिंगं वाचली. आतलं काहीतरी हललं.

तेव्हापासून त्याला उन्हाची तिरीप सोसत नसे. बोलता बोलता शब्द निसटत. घर डावीकडे असलं की तो उजवीकडे जाई. मध्येच तोल जाई. पण हे कुणी बोलून दाखवलेलं त्याला चालत नसे.

"मला चक्कर येत नाही," तो म्हणे. "जमीन हलते."

त्या दिवशी त्याला शोधून काढलं सगुणा टिटवीने. रोज तीच शोधून काढी. ती पुढे उडे आणि ओरडे. तो आवाजामागून चाले. असा तो घरी पोचे.

हे ती करी, कारण तिच्यावर त्याचं ऋण होतं. शेवटच्या लढाईत पलटण माळावरून धावत सुटली तेव्हा वाटेत सगुणाची चार अंडी होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. खडे गोळा करते आणि उघड्या माळावर अंडी घालते. यात शहाणपण नाही, पण पद्धत आहे. बयाजीला ती अंडी दिसली. त्याने भर धावेत मान वळवली. पलटण त्याच्यामागे वळली. अंडी वाचली. बयाजीसमोर मात्र खडक होता.

सगुणाने कितीदा तरी आभार मानून पाहिले.

"मी? रांग मोडली?" बयाजी डोळे वटारी. "रांग मोडणं गुन्हा आहे, बाई. मी असं करीन का?"

त्याला आठवतच नव्हतं. उपकार करणाराच विसरला, तर फेडणाऱ्याने जावं कुठे?

अशात वाघाने फर्मान काढलं. नदीकाठचं सपाट कुरण यापुढे फक्त लढाईत जायबंदी झालेल्यांना मिळेल. बाकीच्यांनी कड्यावर चरावं. जायबंदी कोण, ते डॉक्टर ठरवतील.

कडा उभा होता. वर जायची वाट खुराएवढी. ज्याच्या पायाखाली जमीन हलते, त्याने तिथे चरायला जाऊ नये, हे लहान पोरालाही कळेल. वाघ लहान नव्हता.

सगुणाचा जीव खालीवर होऊ लागला. तिचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. एकदा अंड्यांवर बसली की तिला कड्यावर बयाजीच्या पुढे उडता येणार नव्हतं. नदीकाठ मिळाला, तर तो तिच्या माळाला लागूनच होता. बसल्या जागेवरून हाक मारता आली असती. नाही मिळाला, तर खाली दरी होती.

जंगलात तपासणी निघाली की मागोमाग वर्ग निघतो. कोल्हेसरांनी जांभळीखाली वर्ग काढला. पाटी लावली, 'डोक्याला मार : हमखास यश'. सगुणा बयाजीला तिथे घेऊन गेली.

"डॉक्टरांनी नाव विचारलं की?" सरांनी विचारलं.

"वर बघायचं!" वर्ग एका सुरात ओरडला.

"पुन्हा विचारलं की?"

"लाळ गाळायची!"

वर्गात ससा पहिला होता. लढाईच्या वेळी तो बिळात बसला होता. पण लाळ फार सुंदर गाळी.

बयाजी उठून उभा राहिला. "हे नाटक आहे."

"हवालदार, तुमचं तर खरंच आहे," कोल्हेसर गोड आवाजात म्हणाले. "थोडं वाढवून सांगायचं, एवढंच."

"फौजी वाढवून सांगत नाही."

"निदान कमी करून तरी सांगू नका हो!" सगुणा कळवळून म्हणाली.

ताठ मानेने बयाजी वर्गातून निघाला आणि थेट करवंदीच्या जाळीत शिरला.

मग सगुणाने घरीच तयारी करून घ्यायचं ठरवलं. ती एका दगडावर चढून बसली.

"समजा मी डॉक्टर. सांगा, कसे आहात?"

बयाजीने खूर जुळवले. "एकदम ठीक, साहेब!"

"अहो, खरं सांगायचं."

"पलटणीत याला एकच उत्तर असतं. दुसरं दिलं की माळाला फेऱ्या मारायला लावतात."

"इथे पलटण कुठे आहे?"

"डॉक्टर म्हणजे साहेब ना? मग साहेब तिथे पलटण."

"बरं. झोप लागते?"

"एकदम ठीक!"

"काल घर सापडलं होतं का?"

"घर जागेवरच होतं," बयाजी म्हणाला.

सगुणाने कपाळावर पंख मारून घेतला. पण ती चिवट होती. सवाल-जवाब त्याला जमेना, म्हणून तिने कवायतीसारखं पाठ करून घेतलं. उजवा खूर, चक्कर येते. डावा खूर, रस्ता चुकतो. उजवा खूर, ऊन सोसत नाही. डावा खूर, शब्द सापडत नाही. हे मात्र बयाजीला जमलं. एकदा तालावर बसलं की मग आठवायला डोकं लागतच नव्हतं.

तपासणीच्या दिवशी त्याने वारुळाला घासून शिंगं चकचकीत केली. सगुणा पुढे ओरडत निघाली. बयाजी वेळेवर पोचला.

डॉक्टर होते सुतारपक्षी. वाळक्या सागावर उंच बसले होते आणि खोडावर टकटक चोच मारत होते. डोक्याच्या आजारांसाठी वाघाने मुद्दाम त्यांनाच नेमलं होतं. डोक्याचा वापर त्यांच्याइतका कुणी करत नसे.

"एकटेच आलात?" त्यांनी खाली न बघता विचारलं.

"एकटाच, साहेब."

"रस्ता सापडला?"

"सापडला, साहेब."

"अहो डॉक्टर, त्यांना मी आणलं!" सगुणा वरून ओरडली.

"बरोबरच्या मंडळींनी बाहेर थांबावं," डॉक्टर म्हणाले. "आवाज करू नये. हं, तक्रार काय?"

बयाजीने उजवा खूर उचलला आणि सगळं तालात म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

"पुन्हा म्हणा."

त्याने पुन्हा म्हटलं. तेच, त्याच क्रमाने.

"इतकं पाठ आहे, आणि म्हणता विसरतो?" डॉक्टर खाली उतरून त्याच्या कपाळावर बसले. ठक ठक करून कान लावला. "पोकळ नाही. डोकं किती वेळा आपटलं होतं?"

"एकदा, साहेब."

"एकदाच!" डॉक्टरांना हसू आलं. "हवालदार, मी सकाळपासून आपटतोय. मला काही झालंय?"

"नाही, साहेब."

"मग? एकंदरीत कसे आहात?"

बयाजीने खूर जुळवले. "एकदम ठीक, साहेब!"

"तंदुरुस्त. कड्यावर जा. पुढचा!"

पुढचा ससा होता. त्याला नदीकाठ मिळाला.

परतीच्या वाटेवर सगुणा संतापाने ओरडत होती. सुतारपक्ष्याला, सशाला, वाघाच्या सात पिढ्यांना. त्या ओरडण्यामागून बयाजी व्यवस्थित चालत होता. एका वळणावर तो बरोबर वळला. तो वळला तशी सगुणा गप्प झाली. तिच्या ध्यानात आलं. डॉक्टरांनी गव्याला तपासलंच नव्हतं. वेळेवर कोण आलं? ती. रस्ता कुणाला सापडला? तिला. तपासणी तिची झाली होती, आणि तिचं डोकं शाबूत होतं.

नियमाप्रमाणे एक फेरतपासणी मिळत असे. त्या दिवशीही तिने बयाजीला सागापर्यंत आणलं. मग बोरीच्या झुडपात जाऊन बसली.

मुलांनो, टिटवी दिवसा ओरडते, रात्री ओरडते. कारण असलं तर ओरडते, नसलं तर जास्तच ओरडते. त्या टिटवीने चोच मिटली.

"तुम्ही पुन्हा?" डॉक्टर वरून म्हणाले. "तुम्ही तंदुरुस्त आहात. जा घरी."

बयाजी वळला, थोडं चालला आणि थांबला. कान उभे केले. आवाज आला नाही. त्याने वाट पाहिली. मग तो बांबूच्या बेटात शिरला. बऱ्याच वेळाने पलीकडून बाहेर पडला, तो सागाखालीच.

खूर जुळवून म्हणाला, "हवालदार बयाजी, टक्कर पलटण, तपासणीला हजर!"

"आत्ताच झाली ना तुमची?"

"नाही, साहेब. आत्ताच पोचतोय."

"थट्टा करता? घरी जा!"

बयाजी गेला. ऊन चढलं. तो पुन्हा आला. शिंगात काटेरी फांदी अडकली होती. पाय फाकले होते, हलणाऱ्या जमिनीवर रोवून धरल्यासारखे.

"हवालदार..." तो म्हणाला. पुढचं नाव आलं नाही. "तपासणीला हजर."

डॉक्टरांची टकटक थांबली. सगुणाच्या घशात हाक आली होती. तिने चोच मातीत खुपसली.

बयाजीने मान वर केली आणि रिकाम्या आभाळाकडे पाहिलं.

"साहेब, इथे एक आवाज असतो," तो म्हणाला. "आज तो नाही."

डॉक्टर खाली उतरले. या वेळी कपाळावर नाही, जमिनीवर. त्यांनी हळू विचारलं, "हवालदार, कसे आहात?"

बयाजीने खूर जुळवले. छाती पुढे काढली.

"एकदम..."

पुढचा शब्द सापडेना. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शब्द खाली पडला असेल म्हणून गवतातही पाहिलं.

"एकदम..."

डॉक्टरांनी सागाच्या सालीचा तुकडा ओढला आणि त्यावर चोचीने नदीकाठची खूण केली. त्यांचं स्वतःचं डोकंही त्या दिवसापासून थोडं दुखायला लागलं, असं म्हणतात.

तेव्हा कुठे झुडपातून हाक आली. बयाजी त्या दिशेने चालू लागला.

तो आता नदीकाठी चरतो. शेजारी ससा असतो. तो अजून लाळ गाळतो, त्याला सवयच लागली आहे. सगुणाने कुरणाच्या कडेला चार अंडी घातली. बयाजी तिथे आला की वळसा घालून जातो. का, ते त्याला माहीत नाही.

एकदा त्याने विचारलं, "त्या दिवशी कुठे होतात, बाई?"

"कामात होते," सगुणा म्हणाली.

ऋण फिटलं.

तात्पर्य : मित्र संकटात सापडला तर त्याला मदत करू नये. निदान साहेब बघत असताना तरी.