काळी म्हंजी काळी

दौंडच्या आमच्या वाचनालयातून डेझीमावशी प्रेमाची कादंबरी नेतात आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी परत आणून माझ्या टेबलावर आपटतात. "घ्या भाऊ. हिला बी पिठात लोळवली!"

म्हणजे नायिका गोरी निघाली. ती ज्या पानावर गोरी होते, त्या पानावर मावशींचं वाचन थांबतं. ग्रंथपाल म्हणून मी पुस्तकं आपटू देता कामा नये, पण खरं सांगायचं तर मी रोज त्यांचीच वाट बघत असतो.

मावशींचे वडील अँग्लो-इंडियन, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. आई पाटसची, शेतकऱ्याची लेक. मावशी गेल्या आईवर. रंग तव्याचा, बोली पाटसची आणि नाव डेझी. त्यामुळे नवा माणूस हमखास विचारतो, "साहेबाची मुलगी, मग अशी कशी?"

"आईनं उन्हात वाळत घातली, आन् उचलायला इसरली," मावशी सांगतात.

कादंबऱ्यांतल्या अशा मुलींवर तर त्यांचा खास राग. "साहेबाची पोर म्हंजी घारे डोळे, सोनेरी केस, आन् शेवटी विलायतेला पळायचं. मी कुठं पळाले? रोज भाजीला जाते की!"

शेवटी वैतागून त्यांनी स्वतःच कादंबरी लिहिली. नायिका इंजिन ड्रायव्हरची मुलगी, नायक साखर कारखान्यातला केमिस्ट. तो तिच्यासाठी झुरतो, रडतो, एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरपुढे आडवा होतो, आणि दोघं दौंडातच संसार थाटतात. वाचून झाल्यावर मी भीत भीत सुचवलं, "मावशी, काळीऐवजी सावळी लिहूया का?"

"सावळी म्हंजी घाबरून म्हटलेली काळी. माझी काळी म्हंजी काळी!"



छपाई शिरूरला होती. छापखान्याचा दत्ता वाढदिवसाचे फ्लेक्सही करतो. त्यानं मुखपृष्ठ दाखवलं, तर नायिका गोरीपान! मावशींनी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरशेजारी ठाण मांडलं.

"सवयीनं हात जातो, मावशी," दत्ता म्हणाला. "फ्लेक्सवर सगळ्यांनाच गोरं करतो मी, पुढाऱ्यांना बी. आजवर कुणी तक्रार न्हाई केली."

"पुढाऱ्यांचं काय करायचं ते कर. हिचा रंग परत आण."

त्यानं थोडा आणला. "अजून." आणखी थोडा. "अजून. भितोस काय?" दुपार टळली, दत्ताचा चहा गार झाला. अखेर पडद्यावरून एक काळीभोर, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी आमच्याकडे रोखून बघू लागली.

"आयला! मावशी, लई भारी दिसतीय की ही!"

"मग? केमिस्ट उगाच आडवा झाला व्हय?"

प्रकाशनाला वाचनालय खच्चून भरलं. दारात त्या मुखपृष्ठाचा माणसाएवढा फ्लेक्स. कॉलेजच्या मुली त्याच्याशेजारी उभ्या राहून सेल्फी काढत होत्या. सगळ्या प्रती संपल्या, मलासुद्धा मिळाली नाही, तरी मीच लिहिल्यासारखा छाती काढून मिरवत होतो.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी फ्लेक्स उतरवायला गेलो. मावशी त्यासमोर खुर्ची टाकून एकट्याच बसल्या होत्या.

"थोरली मी," त्या फ्लेक्सकडे बघतच म्हणाल्या. "पर धाकटी बापावर गेलेली, गोरी. पावणे बघायला आले की आई तिलाच पुढं बसवायची. मी आपली आत, चहा ढवळत."

मी उगाच दोरीला हात घातला, तर त्यांनी तो धरला.

"राहू द्या, भाऊ. आज ही बसलीय पुढं. पावण्यांना बघू द्या."