खुंट्याला गाऱ्हाणं

आमचे शेजारी तात्या कशालाही गाऱ्हाणं घालतात. खरं तर गाऱ्हाणं घालायचं ते देवाला. एकाने मागणं मांडायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तात्यांनी ते विजेच्या ट्रान्सफॉर्मरलाही घातलंय, आणि शनिवारी ओरोसच्या एस.टी.च्या टायरला तर न चुकता. ‘बा टायरा म्हाराजा, पंक्चर होव नको.’ ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला मी. कुंपणाला कुंपण लागून असल्याची शिक्षा. त्या गाडीने त्यांची लेक सुलू येते. ओरोसला कचेरीत नोकरी, तिथेच खोली. एरवी तात्या घरात एकटे.

मग ओरोस ते मालवण रोज ये-जा करणारी रेल्वे होणार असं कानावर आलं, आणि मोजणीवाले तात्यांच्या खाजणात, खाडीलगतच्या भातशेतीत, लाल खुंटा ठोकून गेले. तात्या असे ओरडले की आचऱ्याच्या होड्या वादळ समजून किनाऱ्याला लागल्या.

‘हंयसर भराव घातलो तर भरतीचा पाणी जातला खंय? माज्या चुलीत?’

भात कुजेल, कुर्ल्या-खेकडे संपतील, पाणमांजरं पिल्लं घेऊन कुणाच्या दारात जातील, हे सगळं मी जेवताना ऐकलं, आंघोळ करतानाही ऐकलं.

दुसऱ्या सकाळपासून खुंट्याला गाऱ्हाणं. रीत म्हणून जास्वंद आणि नारळ. ‘बा खुंट्या म्हाराजा, इल्या वाटेन परत जा.’ तात्या त्याला हाकलत होते. पण रस्त्यावरून दिसायचं ते फूल आणि जोडलेले हात. आठवडाभरात तारकर्लीच्या बायका खुंट्याची ओटी भरून गेल्या. एकाने कोंबडा कबूल केला. मोजणीवाले परत आले, तर त्यांनीही बूट बांधावरच काढले.

त्यांचा साहेब तात्यांच्या ओटीवर चहा पिता पिता म्हणाला, एवढा विरोध असेल तर मार्ग लांबून नेऊ. मग या वाडीतलं स्टेशन मात्र गेलं. नाहीतर ओरोसला नोकरी करणाऱ्यांना रोज घरून ये-जा करता आली असती.

रेल्वे आपल्याकडून नुसती पळते, थांबते कुठे, अशी तात्यांची समजूत होती. ते गप्प झाले. तात्या गप्प होणं म्हणजे समुद्र बंद पडणं.

दुसऱ्या सकाळी ते फूल-नारळ घेऊन खुंट्यासमोर उभे राहिले.

‘बा म्हाराजा, खाजणाचा पाणी अडव नको.’

‘व्हय म्हाराजा.’

‘भराव नको, खांब घाल. खालसून पाणी जावंदे.’

‘व्हय म्हाराजा.’

‘आणि हंयसर जरा थांब. माजा चेडू सुलू रोज सांजेक घराक इला तर...’

पुढे त्यांना बोलवेना. गाऱ्हाणं अर्धवट ठेवायची रीत नाही. म्हणून मीच हात जोडले.

‘तर तात्यांका एकट्यान जेवूक लागाचा नाय.’

तात्यांनी खुंट्यावरचं फूल नीट केलं.

‘व्हय म्हाराजा,’ ते म्हणाले.